अंगठ्याची चिंधी

काकींचं आधी सांगते, माझं नंतर. त्यांना वगळलं तर माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

मिठबावच्या अलीकडे, रस्ता सोडून आत गेलं की हापूसच्या बागेत आमची पत्र्याची शेड आहे. तिथे आंबा निवडतात, पेट्या भरतात आणि थोडा आंबा अढीत घालून पिकवतात. त्या अढीवर गेली कितीतरी वर्षं काकींचाच हात आहे. वय पासष्टच्या पुढे असेल, त्या साठ सांगतात. चीक अंगावर उडतो म्हणून लुगड्यावर पुरुषाचा पांढरा सदरा घालतात, बाह्या दुमडून. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, त्यामुळे काही नीट बघायचं असलं की कोंबडीसारखी मान तिरकी करतात. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या होत्या, "शिरा पडो तुझ्या तोंडार, आंबो तो, दगड न्हय. असो आपटू नको." शिरा म्हणजे काय ते मला अजून नीट ठाऊक नाही. पण त्या दिवशी मी दुपारचं जेवले नाही. म्हटलं, गेलं आपलं काम. पुढं कळलं की ज्याच्यावर जीव आहे त्यालाच त्या असं बोलतात. जो आवडत नाही त्याला 'तुमी' म्हणतात आणि पाणी विचारतात.

मी परभणी जिल्ह्यातली, जिंतूरच्या पुढची. इकडे यायला एसटीनं एक रात्र आणि वर अर्धा दिवस लागतो. नवरा याच बागेत माकडं हाकतो, गोफण आणि रिकामा डबा घेऊन दिवसभर झाडाखालून फिरतो. मी शेडमध्ये. मुलगी बारा वर्षांची, सातवीला. तिला गावी सासूजवळ ठेवलेलं. आंब्याचा हंगाम आणि शाळेची परीक्षा एकाच वेळेला येतात, तिला इकडे आणली असती तर वर्ष गेलं असतं. हे ठरवताना मला फार शहाणपणाचं वाटलं होतं.

आता माझं सांगते. मला काळजी वाटायला कारण लागत नाही. लोकांना आधी कारण होतं, मग काळजी. माझं उलटं आहे, काळजी सकाळी माझ्याबरोबरच उठते आणि दिवसभर कारण शोधत फिरते. मुलीनं गॅस बंद केला असेल का. शाळेच्या रस्त्यात विहीर आहे, कठडा नाही. सासूला दुपारी डोळा लागतो, दार उघडं असतं. छातीत पाणी उकळल्यासारखं व्हायचं, मग मी फोन लावायचे. तिनं "हो माय" म्हटलं की पाच मिनिटं बरं वाटायचं. पाच मिनिटांनी पुन्हा. फोन उचलला नाही तर मी लावतच राहायचे, आणि उचलला तर माझा आवाज असा यायचा की पलीकडं ती आधी विचारायची, "काय झालं?" काही झालेलं नसायचं.

नवरा हसायचा. म्हणायचा, "तू इथं बसून तिथली विहीर बुजवायलीस."

माझा फोन पुतण्याचा जुना. त्यानं देताना माझ्या उजव्या अंगठ्यानं उघडेल असा करून दिला आणि वर कसला तरी आकडा टाकला, तो मी विसरले. त्यामुळे तो फक्त माझ्या अंगठ्याला ओळखायचा. हे पुढं लागणार आहे म्हणून सांगून ठेवते.

मार्चच्या शेवटाला तारकर्लीच्या एका लॉजवाल्याला वीस डझन तयार आंबा हवा होता. त्याच्याकडे रविवारी लग्नाचे पाहुणे उतरणार होते, त्यांच्या पानात. हंगाम अजून भरात आला नव्हता, आंबा मोजकाच, म्हणून मालकांनी काकींना बोलावून सांगितलं. मालकांना सगळे भाऊ म्हणतात. काकींनी आदल्या आठवड्यातल्या शुक्रवारी स्वतः एकेक फळ निवडून अढी लावली. खाली भाताचा पेंढा, त्यावर देठ वर करून आंब्यांचा थर, पुन्हा पेंढा, पुन्हा आंबे, सगळ्यावर गोणपाट. आत ऊब धरते. पाच दिवस तिला हात लावायचा नाही. सहाव्या दिवशी उघडायची, रंग धरलेले काढायचे, बाकीचे उलटून परत झाकायचे. मधेच उघडलं की ऊब जाते आणि आंबा अर्धा पिकतो, अर्धा आंबट राहतो, सालीला सुरकुत्या पडतात. आणि दाबून तर कधीच बघायचं नाही. दाबलेलं त्या दिवशी दिसत नाही. दोन-तीन दिवसांनी सालीखाली काळं पडतं.

हे सगळं मला माहीत होतं. काकींनी महिनाभर शिकवलं होतं. म्हणजे चूक अज्ञानानं झाली असं मी म्हणू शकत नाही.

सोमवारी काकी कुडाळला गेल्या. डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती. दोन वर्षं त्या ती पुढं ढकलत होत्या, कारण हंगामात अढी कोणाच्या भरवशावर टाकायची. या वर्षी म्हणाल्या, आता हे चेडू आसा. चेडू म्हणजे पोरगी, आणि ती पोरगी मी, पस्तिशीची बाई. निघताना पिशवी काखेला मारून मला एवढंच सांगितलं, "काय करू नको. तुझा काम ता. काय करूचा नाय."

मी म्हटलं, "बरं काकी."

"माका बरा म्हणू नको. हात पाठीमागे धर."

बारा वाजेपर्यंत मी धरले. आम्ही बायका क्रेटमधून आंबा काढून वजनाप्रमाणे लावत होतो, अढी माझ्या पाठीशी कोपऱ्यात. मला सारखं वाटायला लागलं की गोणपाटातून वाफ जास्तच येतेय. उठून हात ठेवला. गरम होतं. काकींना फोन लावला.

"काकी, गोणपाट गरम लागतंय."

"गरमच लागाक होया. थंड लागला तर सांग."

थोड्या वेळानं पुन्हा. "काकी, वास येतोय."

"कसलो?"

"आंब्याचा."

"मगे बांगड्याचो येतलो?"

फोन ठेवून मी हसले. आणि हसता हसताच गोणपाटाचा कोपरा वर केला. फक्त एक बघू म्हटलं. वरच्या थरातला एक आंबा काढला, अंगठ्यानं दाबला. कडक होता. म्हणजे पिकत नाहीये. दुसरा दाबला. तो जरा नरम वाटला. म्हणजे हा लवकर जातोय. मग तिसरा बघणं आलंच. झाकलं. बायका जेवायला गेल्यावर पुन्हा उघडलं. संध्याकाळी आणखी एकदा, आता खालचा थर. दर वेळेला दाबताना छातीतलं ते उकळणं पाच मिनिटं शांत व्हायचं. मंगळवारी सकाळी मी पेंढ्यात कोपरापर्यंत हात घालून बसले होते, आणि सगळेच आंबे मला सारखेच कडक, सारखेच नरम लागत होते. मला कळेना काय खरं. मी काकींना फोन लावला आणि म्हटलं, "काकी, मला वाटतं सगळं गेलं."

त्या एवढंच म्हणाल्या, "येतंय."

मला वाटलं, ऑपरेशन झाल्यावर येते म्हणतात.

त्या त्याच दिवशी दुपारी आल्या. डोळ्याला पट्टी नव्हती. डोळ्यात औषध घालून त्यांना बाकावर बसवलं होतं, पुढचा नंबर त्यांचाच होता, आणि त्या तशाच उठून एसटीत बसल्या होत्या. डोळा लाल, पाणी गळतंय, आणि उन्हात त्यांना काहीच दिसत नव्हतं. शेडच्या दारात त्यांनी हात पुढे धरला, मी तो धरून अढीपाशी नेलं.

"काकी, ऑपरेशन?"

"डाक्टर म्हणता मोती पिकलो. म्हटलंय, पिकलो तर पिकलो, खंय पळान जातलो. माझो आंबो थय जाता."

त्या खाली बसल्या. गोणपाट सारलं, पेंढ्यात हात घातला आणि एक फळ उचललं. बघितलं नाहीच, बघता येतच नव्हतं. बोटांनी आंब्याभोवती एक फेरी मारली. ठेवला. दुसरा. तिसरा. मला अजून एकही डाग दिसत नव्हता, सगळे आंबे हिरवट, सुंदर होते. पाच-सहा झाल्यावर त्यांनी विचारलं,

"हे अंगठे कोणाचे गो?"

मी उजवा हात पाठीमागे नेला.

"किती दाबलंस?"

"वरचे दोन थर. खालचेही थोडे."

मला वाटलं आता शिरा पडतील. त्या काहीच म्हणाल्या नाहीत. सगळं परत लावलं, पेंढा सारखा केला, झाकलं आणि डोळ्याला पदर लावून भिंतीला टेकून बसल्या. तेव्हा मला खरं भ्यायला झालं. मला एकदम 'तुमी' म्हणतील की काय असं वाटत राहिलं.

गुरुवारी भाऊंच्या समोर अढी उघडली. दोन दिवसांत माझे अंगठे वर आले होते. सात डझन आंब्यांवर, कुठं एक, कुठं दोन, काळपट गोल ठसे. मी सहावी पास आहे, सही येते मला, सहीच्या जागी कधी अंगठा दिलेला नाही. आणि इथे सात डझन दिले होते.

भाऊंनी एक आंबा हातात फिरवला. "काकी, ह्या काय झाला?"

"माझो अंगठो लागलो," काकी म्हणाल्या. "डोळ्यान दिसाक नाय, दाबून बघलंय."

"तू? दाबून?"

"वय झाला रे."

शेडमधल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. भाऊंनी हातातला आंबा उलटून पुन्हा बघितला. मग म्हणाले, "मगे पुढल्या वर्साक अढी दुसऱ्या कोणाक तरी दिवची लागतली." आणि तेरा डझन चांगला आंबा बाजूला काढून घेऊन गेले. उरलेला लॉजवाल्याला दुसऱ्या बागेतून द्यावा लागला.

मी तिथेच उभी होते. तोंड उघडलं असतं तर दोन शब्दांत झालं असतं. मी उघडलं नाही. मला एकच दिसत होतं, काम गेलं तर हंगाम गेला, हंगाम गेला तर मुलीचं पुढच्या वर्षाचं काय. खरं सांगायचं तर तेही नंतर शोधलेलं कारण. त्या क्षणाला नुसती भीती होती.

संध्याकाळी मुलीला फोन लावला. मला कुणाचा तरी आवाज हवा होता. तिनं उचलला आणि मी बोलायच्या आधीच म्हणाली,

"माय, मी आजीला सांगितलंय. परवा शनिवारी मामा कोल्हापूरला चाललाय गाडीनं, त्याच्यासंगं येते. तिथून बाबाला घ्यायला पाठव."

"कशाला येतीस?"

"तिकडंच राहते."

"आणि परीक्षा?"

"पुढच्या वर्षी देते. तू रोज रडायलीस ना."

हे वाक्य मी ऐकलेलं होतं. ऐकलेलं नव्हे, बोललेलं होतं. मी सातवीत असताना आईबाप ऊसतोडीला निघाले. मला आजीजवळ ठेवायचं ठरलं होतं, शाळा चालू होती. ट्रॅक्टर शाळेच्या कुंपणाजवळून जाताना आई वर उभी राहून रडत होती, पदर तोंडात धरून, आणि मागं वळून माझ्याकडेच बघत होती. मला कुणी ओढून नेलं नाही. मी आपणहून दप्तर कुंपणाशी बसलेल्या आजीच्या मांडीवर ठेवलं, पळत गेले आणि चढले. आई म्हणाली, कशाला आलीस. मी म्हटलं, तू रडतीस ना. त्यानंतर कुठल्याही शाळेत मी गेले ती माझ्या मुलीचं नाव घालायलाच.

मी मुलीला काय सांगायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. मी रडले.

शुक्रवारी सकाळी शेड झाडताना काकींना सगळं सांगितलं. त्या पेटीवर बसून ऐकत होत्या, मान तिरकी करून.

"मगे तू काय म्हटलंस तिका?"

"काही नाही. रडायलाच आलं."

"रडलंस. बरा केलंस. आता तिका एसटीचो पास काढून दी, दर शनवारी येतली."

काकींनी सदऱ्याच्या खालच्या कडेची एक पट्टी टर्रकन फाडली आणि म्हणाल्या, "हात हड." मी हात पुढे केला. त्यांनी माझ्या उजव्या अंगठ्याला ती चिंधी गुंडाळायला सुरुवात केली, नखापासून मुळापर्यंत, घट्ट, आणि मनगटाशी गाठ मारली. अंगठा काठीसारखा उभा राहिला.

"हे काय काकी?"

"नवीन बायकांक बांधतत. माझ्या सासवेन माका बांधलेल्यान. अंगठो बांधलो काय तळहात शिकता. तुका पयल्याच दिवशी बांधूक होयो होतो. तुका शाणी समाजलंय, ती माझी चूक."

मग मी आंबा उचलायला लागले, नुसत्या चार बोटांवर आणि तळव्यावर. सुरुवातीला हातातून सुटेल असं वाटायचं. दाबायची सोयच नव्हती. आंबा तळव्यात येऊन बसायचा, त्याचं वजन कळायचं, आणि खाली ठेवायचा. एवढंच. दहा वाजता छातीत पाणी उकळायला लागलं. उद्या शनिवार. ती निघाली असेल का, पिशवी भरत असेल का, गाडी कोण चालवणार, घाटात. मी फोन काढला आणि उघडायला अंगठा ठेवला.

फोन उघडेना.

चिंधीवरूनच दोनदा दाबला. मग मला समजलं. मी काकींकडे गेले आणि म्हटलं, गाठ सोडा, फोन उघडत नाही. त्यांना आधी कळलंच नाही काय म्हणते ते. मी समजावून सांगितलं की हा फोन माझा अंगठा ओळखतो, चिंधी ओळखत नाही. तेव्हा त्या इतक्या हसल्या की ठसका लागला, शेजारच्या बाईनं पाणी आणून दिलं.

"ह्या माका म्हायत नव्हता गो. देवान दिल्यान."

"काकी, सोडा ना."

"फोन येतलो तो कळता मा तुका?"

"येणारा कुणालाही उचलता येतो. त्याला अंगठा लागत नाही."

"मगे झाला. काय झाला तर ती करतली. तू करूचा नाय. साडेपाचाक काम सुटताना मी सोडतंय."

तो दिवस मी कसा काढला ते मला नीट लिहिता यायचं नाही. अंगठा चिंधीत ठणकत होता, जणू सगळी भीती उतरून तिथे जमली होती. दर थोड्या वेळानं हात आपोआप कमरेकडे जायचा, फोन निघायचा, काळी काच दिसायची आणि परत आत. दुपारी नवरा पाणी प्यायला आला तर मी त्याला म्हटलं, तुमच्या फोनवरून लावा. तो काकींकडे बघून म्हणाला, "नाही बुवा. मला इथं राहायचंय." एकदा कुठं तरी फोन वाजला, मी क्रेट टाकून उठले, तो पेटीवाल्याचा होता. चार वाजता माझ्या लक्षात आलं की मी बराच वेळ कुठल्याच गोष्टीचा विचार केलेला नाही, फक्त आंबा उचलून ठेवतेय. लक्षात आलं आणि लगेच भीती परत आली, की मी तिला विसरले कशी.

साडेपाचला काकींनी गाठ सोडली. अंगठा पांढरा, सुरकुतलेला झाला होता, लहान लेकराचा पाण्यात भिजल्यावर होतो तसा. मी फोन हातात घेतला आणि विचारलं, "काय विचारू तिला?"

"काय इचारू नको. इचारून इचारून तिचा तोंड बंद केलंस. आज हय काय झाला ता सांग."

मी फोन लावला. मुलीनं उचलला. "काय झालं?" असंच म्हणाली.

मी म्हटलं, "आज माकडानं तुझ्या बाबाची टोपी नेली."

हे खरंच झालं होतं, दुपारी नवऱ्यानंच सांगितलं होतं. वानरानं टोपी नेली, फांदीवर बसून वास घेतला आणि टाकून दिली. पलीकडं ती हसली. "वासानं टाकली असंल." आणि आजीला मोठ्यानं सांगितलं, आजीही हसलेली ऐकू आली. मी काकींचं सांगितलं, चिंधीचं सांगितलं, फोन उघडेना ते सांगितलं. तिनं विचारलं, "दिवसभर बांधला होता?"

"दिवसभर."

"म्हणून फोन आला नाही. मी दुपारी आजीला म्हटलं, माय मेली का काय." मग हळूच म्हणाली, "आज रडायली नाहीस."

"नाही."

"मंग उद्या येऊ का नको?"

काकी समोर पेटीवर बसून दुसरीकडेच बघत होत्या. मी अंगठा मुठीत धरला. ये म्हणायला जीभ टोकाशी आलेली होती, आणि मला ती फार हवी होती. मी विचारलं, "दप्तर कुठंय?"

"खुंटीला."

"राहू दे तिथंच. परीक्षा दे. मग ये, मीच न्यायला येते."

"नक्की?"

"नक्की."

ती "बरं" म्हणाली, आणि नंतर, मी काही न विचारता, विज्ञानाच्या बाईंनी बेडूक आणला होता आणि तो पोरांच्या दप्तरात गेला ते सगळं सांगत बसली. इतकं सलग ती माझ्याशी कितीतरी दिवसांत बोलली नव्हती.

त्यानंतर मी शांत झाले असं नाही. असं कुणी सांगितलं तर मी विश्वास ठेवणार नाही. रोज सकाळी काकी चिंधी बांधायच्या, रोज दहाच्या सुमाराला छातीत उकळायचं. फरक एवढाच की त्याला आता साडेपाचपर्यंत थांबावं लागायचं, आणि साडेपाचपर्यंत त्यातलं बरंचसं आपलं आपण निवून जायचं. जे उरायचं तेही तिला विचारण्यासारखं नसायचं. दोनदा मी कात्रीनं गाठ कापली. काकी काही बोलल्या नाहीत, सदऱ्याची नवी पट्टी फाडली. सदरा आता कमरेपर्यंतच उरलाय.

एक गोष्ट राहिली होती. आठवड्यानं मी भाऊंकडे गेले. ते अंगणात पेट्यांना खिळे मारत होते. मी म्हटलं, "भाऊ, ते सात डझन मी दाबले होते. काकींनी नाही." परतीच्या एसटीची वेळसुद्धा मी मनात काढून ठेवली होती.

ते हातोडी न थांबवता म्हणाले, "माका म्हायत आसा."

"कुणी सांगितलं?"

"काकीचो उजवो अंगठो वाकडो. तरणेपणात पेटीखाली सापडलेलो. तिचो ठसो असो गोल पडूचो नाय."

"मग तेव्हा बोलला नाहीत?"

"ती बोलली, मी गप ऱ्हवलंय. लहानपणापासून बघतंय तिका." मग एक खिळा तोंडातून काढून म्हणाले, "तू येशीत की नाय ताच बघीत होतंय."

मी काकींना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "शिरा पडो तुझ्या तोंडार, माझो खोटेपणा फुकट घालवलंस." त्या दिवशी मी पोटभर जेवले.

मुलीनं सातवीचे सगळे पेपर दिले. शेवटच्या पेपरच्या दिवशी तिचा फोन दुपारीच आला, अंगठा बांधलेला असतानाच. काकींनी माझ्या कमरेचा फोन काढून हिरवं बटण सारलं आणि माझ्या कानाला लावला. ती म्हणाली, "माय, झाली." मी म्हटलं, "मी शाळेत एवढी पुढं कधी गेले नव्हते." तिला ते कळलं नाही, ती खेळायला पळाली.

डॉक्टरांनी काकींना मेच्या मध्याची नवी तारीख दिली आहे. ऐन हंगाम. त्या म्हणतात जायचं नाही, पावसात बघू. पावसात म्हणजे पुढच्या वर्षी, आणि पुढच्या वर्षी पुन्हा आंबा असणार. दुसरा डोळाही आता धुरकट होत चाललाय, परवा त्या मला हाक मारून माझ्याशेजारच्या बाईशी बोलत होत्या. उजवा डोळा माझ्या एका फोननं करायचा राहिला आहे. हे त्या कधी बोलून दाखवणार नाहीत.

म्हणून इथे लिहून ठेवते, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही. काकी, मेमध्ये नाहीतर पुढच्या हंगामात, तुम्ही जेव्हा जाल तेव्हा तुमची अढी मी सांभाळीन. दोन्ही अंगठे बांधून घेईन. पाच दिवस गोणपाटाला हात लावणार नाही. तुम्ही पट्टी काढून स्वतःच्या डोळ्यांनी आंबा बघायला याल, तोपर्यंत तुम्हाला एकही फोन करणार नाही.